पुंजाजीची अर्धी राहिलेली झडती

पुंजाजीच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या ओळी, आमच्या गावात अजून म्हणतात. त्यातली एक फार चालते, बाहेरगावीही चालते. पण ती झडती अर्धी आहे. पुढचा अर्धा भाग मला ठाऊक आहे, कारण ती म्हटली त्या पोळ्याला तोरणाखाली माझी बैलजोडी त्याच्या जोडीला लागून उभी होती. लिहिण्याची मला सवय नाही. नीट सांगता येईल की नाही, तेही कळत नाही. पण माझ्यामागं हे सांगणारं कोणी दिसत नाही, म्हणून बसलो आहे.

आमचं गाव किन्हीराजापासून कोसभर आत, डोंगराच्या पायथ्याशी. पोळ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सगळ्या जोड्या आखरावर येतात. आखर म्हणजे गावाबाहेरची गुरं जमण्याची मोकळी जागा. तिथं दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याच्याखाली बैलांची रांग लागली की झडत्या सुरू होतात. एकानं पुढं होऊन दोन ओळी म्हणायच्या. कधी महादेव-पार्वतीच्या, कधी गावातल्याच कोणाची उणीदुणी काढणाऱ्या. शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हटलं की सगळं आखर ‘महादेव’ म्हणून गरजतं. मग मानकऱ्यानं तोरण तोडायचं. याला पोळा फुटणं म्हणतात. एकदा पोळा फुटला की डफडी वाजतात, जोड्या घराकडं पळतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. वर्षभर ज्याच्यापुढं मान वर करता येत नाही, त्यालाही त्या दिवशी झडतीत धरता येतं आणि त्यानं रागवायचं नसतं, अशी रीत आहे.

पुंजाजी झडत्यांचा बादशहा होता. उंच, काळा, पुढचे दोन दात पडलेले. एरवी बोलायला लागला की शब्द अडायचे, पण तोरणाखाली उभा राहिला की गळा मोकळा व्हायचा. माझ्याहून तो चार-पाच वर्षांनी मोठा. त्याचं शेत माझ्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. शेत लहानच, पण जोडी निगुतीनं सांभाळलेली. एक बांड्या आणि एक हरण्या.

गावचा मान रामरावांच्या घराण्याकडं. तोरण तोडणं त्यांच्याच हातचं. जमीन मोठी, वर्षाच्या करारानं राबणारे सालदार पुष्कळ. आमच्या गावाला पूर्वी चांगलं गायरान होतं. रामरावांच्या वडिलांनी ते आपल्या जमिनीतच येतं म्हणून कुंपण घातलं आणि पुढं ते तसंच राहिलं. गावाच्या गुरांना मग डोंगराकडचं सरकारी राखीव जंगल तेवढं उरलं. तिथं चरायला पास लागायचा. ज्याच्याजवळ पास नाही, त्याची गुरं जंगलखात्याचा नाकेदार कोंडवाड्यात नेऊन टाकायचा.

तीस साली सत्याग्रह निघाला तो याच जंगलात. आमच्या जवळच्या मालेगावच्या कमिटीची माणसं झेंडा घेऊन आली. त्यांच्यात इंद्रभानजी होते. कापसाच्या अडतीचं दुकान चालवणारे, गोरेपान, बोलायला गोड. ते म्हणाले, राखीव जंगलात जाऊन गवत कापायचं, पकडलं तर हसत जायचं. पुंजाजीनं विळा उचलला आणि निघाला. पंचफुला, त्याची बायको, ओट्यावरून ओरडली, “अवं, गवत आनाले चालले त पेंढी बांधाले दोरी त घेऊन जा!” तिला वाटलं, खरंच गवत आणायचं आहे. तो परत आला पावसाळा सरल्यावर, अकोल्याच्या जेलातून, डोक्यावर खादीची टोपी घालून.

तेव्हापासून पुंजाजी कमिटीचा झाला. झाला म्हणजे असा झाला की जेवताना, झोपताना, पिकात डवरणी करताना कमिटी. इंद्रभानजी आणि तो जेलात एका बराकीत होते. इंद्रभानजींनी तिथं त्याला सांगितलं होतं, आपलं राज्य आलं की जंगलाच्या हद्दीचे गोटे आपण गोफणीत घालून पाखरांवर फेकू. हे वाक्य तो आम्हाला इतक्या वेळा सांगायचा की पोरांनी त्याचं नावच गोफण पाडलं होतं.

दिवस तर वाईटच येत होते. कापसाचा भाव बसला तो उठेचना. एका वर्षी आमच्या गाड्या कारंज्याच्या बाजारातून भरल्या तशा परत आल्या. घरोघरी कापसाचे ढीग पडले, लेकरं त्यावर झोपायची आणि बायका म्हणायच्या, एवढी मऊ गादी राजाच्याबी घरी नसंन. हसायचे सगळे, पण हातात काही नव्हतं. पुंजाजी म्हणायचा, “थांबा जरा. आपलं राज येऊन राह्यलं.”

सदतीस साली निवडणूक आली. ज्याच्या नावानं सारा भरला जायचा त्यालाच मत होतं, म्हणून गावातून थोडीच माणसं गेली. रामरावांच्या पाहुण्यांतला एक जण दुसऱ्या पार्टीकडून उभा होता. रामरावांनी गाड्या जुंपल्या, लोकांना जेवू घातलं. लोक त्यांच्या गाडीत बसून गेले, त्यांचं जेवले आणि मत कमिटीच्या पेटीत टाकून आले. हे पुंजाजीनं घरोघरी फिरून पढवलेलं होतं. त्या वर्षीच्या पोळ्याला त्यानं रामरावांच्या तोंडावर झडती म्हटली:

गाड्या जुपल्या बारा, जेवू घातलं गावाले,
पेटी उघडून पाह्यली त मत नाई नावाले!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

आखर हसून हसून लोळलं. रामरावांनीही रीतीप्रमाणं हसून मान हलवली आणि तोरण तोडलं. मी जवळ होतो. तोडताना त्यांनी तोरण नेहमीपेक्षा जोरात ओढलं, एवढं मला दिसलं.

नागपुरात आपलं मंत्रिमंडळ बसलं. पुंजाजीला वाटलं, आता चार-सहा महिन्यांत जंगल उघडतं. नाही उघडलं. त्यात कापूस पुन्हा पडला. अडतीस सालच्या उन्हाळ्यात लोकांनी कडबासुद्धा विकून टाकला, कारण घरात विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पाऊस उशिरा आला आणि डवरणीला बैल निघाले तेव्हा त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. धुऱ्यावरचं गवत बोटभर. गायरानात कमरेएवढं, पण ते कुंपणाच्या आत. रामरावांचे बैल तिथं चरताना आमचे बैल कुंपणाबाहेरून बघत उभे राहायचे.

पोळ्याला थोडे दिवस राहिले असताना पुंजाजीनं ती गोष्ट केली. दुसरा कोणी असता तर चोरून, पहाटे, नाकेदार नसताना बैल जंगलात घातले असते. सगळेच तसं करत होते. पुंजाजीनं भर दुपारी, खादीची टोपी धुऊन डोक्यावर घालून, बैलांच्या गळ्यात घाटी बांधून, वाजतगाजत जोडी जंगलात नेली. मला म्हणाला, “चाल ना मारोत, आता कोनाचं भेव हाय?” मी माझे बैल हद्दीच्या अलीकडं बांधले आणि त्याच्याबरोबर गोट्यापर्यंत गेलो.

नाकेदार उदयसिंग तिथंच पळसाखाली बसला होता.

“राम राम, उदयसिंग.”

“राम राम. कोठं चालले बैल घेऊन?”

“चाराले.”

“पुंजाजी, इकडं बंदी हाय, तुमाले मालूम हाय ना?”

“बंदी होती. आता राज कोनाचं हाय?”

“तुमचंच म्हनतेत.”

“मंग गवत कोनाचं?”

उदयसिंग डोकं खाजवत उठला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, “राज बदललं ते नागपुरात. माहा साहेब अजून तोच हाय. वर्दीबी तेच हाय, पाह्य, कोपरावर फाटली. तुमी चोरून घातले असते त मी पाह्यलं नसतं. पन हे घाटी वाजवत आनले तुमी. वरून साहेब फेरीवर हाय आज. आता मी काय करू, सांगा?”

“काई करू नको. लिहून घे, कमिटीच्या हुकमानं चारले म्हून.”

“कोनती कमिटी? मले हुकूम आला नाई.”

पुंजाजीनं बैल सोडले आणि तो गोट्यावर बसून राहिला. त्याला खरंच वाटत होतं की हे बोलून झालं म्हणजे झालं. संध्याकाळच्या आत उदयसिंगानं दुसरी दोन माणसं आणून बांड्या आणि हरण्या मालेगावच्या कोंडवाड्याकडं हाकलले. जाताना हरण्या मागं वळून वळून पाहत होता. पुंजाजी अडवायला धावला नाही. म्हणाला, “नेऊ दे. इंद्रभानजीले कळलं की उलट्या पावली येतीन.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मालेगावला गेलो. कोंडवाड्यावर सांगण्यात आलं की दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून जनावरं न्यावीत, नाहीतर पोळ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी लिलाव होईल. लिलावात जोडी गेली असती तर पुंजाजीला पुन्हा दुसरी घेणं या जन्मात शक्य नव्हतं. शेत बटईनं देऊन तो कोणाकडं तरी सालदार राहिला असता, आणि आमच्या गावात कोणाकडं म्हणजे रामरावांकडंच.

इंद्रभानजींचं दुकान अर्धं बंद होतं. गादीवर ते एकटेच बसले होते. आधी तोलकाटे, हमाल, गाड्या अशी गर्दी असायची. त्यांनी उठून पुंजाजीला मिठी मारली, हकिकत ऐकली आणि डोळे मिटून घेतले.

“पुंजाजीभाऊ, असं कराले नोको होतं.”

“तीस साली करा म्हने तुमी.”

“तवाची गोष्ट वेगळी होती. तवा कायदा मोडाचा होता. आता आपल्यालेच चालवाचा हाय.”

“मंग बदला ना.”

“बदलू. वेळ लागते. चराईचा प्रश्न कमिटीपुढं हाय.”

पुंजाजी गादीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, “इंद्रभानजी, बैलाले सांगू का मी? थांब बांड्या, वैरणीचा प्रश्न कमिटीपुढं हाय म्हून?”

इंद्रभानजी हसले. हसता हसता थांबले. म्हणाले, “दंड मी भरतो. दुकानाची हालत तुमी पाह्यताच हा, पन तेवढं करतो.”

“दंड नाई भराचा.”

“काहून?”

“दंड भरला म्हंजे मी गुन्हा केला. तीस साली गुन्हा नव्हता. तुमीच म्हनलं होतं, गवत देवाचं हाय. मले दंड माफ पाह्यजे. तुमच्या तोंडून, तुमच्या राज्यात.”

“ते माह्या हातात नाई.”

“कोनाच्या हातात हाय?”

इंद्रभानजींनी कागद पुढं ओढला. अर्ज पाठवतो म्हणाले. भाकरी खाऊन जा म्हणाले. पुंजाजी न खाता उठला. त्या माणसाचा मला राग आला नाही. आम्ही निघालो तेव्हा ते गादीवर बसून, रिकाम्या काट्याच्या साखळीला उगीच हात लावत होते.

घरी येताना वाटेत पुंजाजी एवढंच बोलला, “मारोत, जेलात हा मानूस माह्यासाठी आपली भाकर ठेवे.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं खांदा शेकायचा आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पुंजाजीच्या गोठ्यात दोन रिकामे खुटे होते. अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. पंचफुलानं जू उतरवलं, त्याला लोणी-हळद लावली, पळसाच्या पानानं पुसलं आणि जुवालाच म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पुंजाजी दारात उभा होता. तो आत गेला नाही, बाहेरही गेला नाही.

पोळ्याच्या सकाळी रामरावांचा सालदार धनसिंग बांड्या-हरण्याला घेऊन दारात आला. बैल धुतलेले, शिंगांना बेगड लावलेली, अंगावर रामरावांच्या घरच्या झुली.

“घ्या भाऊ, तुमचे पाव्हणे आले,” धनसिंग म्हणाला.

“कोनं सोडवले?”

“मालकानं.”

“मी त सांगतलं नव्हतं.”

“तुमी कायले सांगता? मालकाले बैलाईची कीव आली. पोळ्याच्या दिवशी बैल कोंडवाड्यात बरा दिसते का, म्हने.”

“अन् काय म्हने?”

“अन् काई नाई.” धनसिंग दोरी हातात देऊन वळला, मग थांबला. “म्हने, पुंजाजीले सांग, औंदाची झडती झकास होऊ दे.”

तोवर पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती आणि हरण्याचे पाय धूत होती. ती रडत होती आणि धूत होती.

“पाय धुऊ नको,” पुंजाजी म्हणाला. “वापस न्याचे हायेत.”

“कोठं वापस? कोंडवाड्यात? तिथं काय त्याईचं सासर हाय?”

“रामरावाचा उपकार घेऊ का मी?”

“उपकार बैलाईवर झाला. बैलाईले कोनती पार्टी हाय? तुमी तोरणाखाली जा, नाई त नोका जाऊ. माहे बैल जातीन.” आणि तिनं पुरणाची पोळी बांड्याच्या तोंडात घातली. बैलानं खाल्ली. मग परत नेण्याचा विषय संपला. झुली तेवढ्या त्यानं काढून घडी करून धनसिंगाबरोबर पाठवल्या.

तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं जोड्या घेऊन आखराकडं निघालो. तो ओठातल्या ओठात पुटपुटत होता. म्हणाला, “औंदाची झडती लंबी हाय.”

“किती लंबी?”

“चार ओळीची. दोन ओळीत मावत नाई, मारोत. म्या लय पाह्यलं. दोन इकडच्या, दोन तिकडच्या. नमन शेवटी.”

“लोक थांबतीन का?”

“थांबतीन. माह्यासाठी थांबतेत.”

आखरावर त्या दिवशी किन्हीराजाचीही माणसं आली होती. कोंडवाड्याची गोष्ट सगळीकडं झाली होती. रामराव तोरणाच्या खांबाशी उभे, नवा फेटा, हात पाठीमागं. कमिटीची चार पोरं दुसऱ्या बाजूला. आधी एक-दोघांनी झडत्या म्हटल्या, कोणी ऐकल्या नाहीत. मग सगळे ओरडायला लागले, “पुंजाजी! पुंजाजी!”

तो पुढं झाला. टोपी डोक्यावरच होती. हरण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाला:

गोऱ्याचं राज होतं तवा गवतापायी जेल,
आपलं राज आलं त कोंडवाड्यात बैल!

आणि मग जे हसू फुटलं तसं मी कधी ऐकलं नाही. कमिटीची पोरंसुद्धा हसली. पुंजाजी थांबला. हसू ओसरू द्यावं, मग पुढचं म्हणावं, म्हणून तो थांबला. पण झडती दोन ओळींचीच असते. आखराला तेच ठाऊक होतं. त्याच्या गळ्यातून नमन आलं नाही तर लोकांनीच म्हणून टाकलं, “एक नमन गौरा पार्वती, हर बोला...” आणि सगळ्यांनी, “हर हर महादेव!”

पुंजाजीनं हात वर केला. “थांबा, थांबा!” म्हणाला. रामरावांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांना वर केलेला हात दिसला होता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी तोरण ओढलं. पोळा फुटला.

डफडी सुरू झाली. बैल उधळले. त्या गर्दीत, धुळीत, पुंजाजी जागेवरून हलला नाही आणि त्यानं उरलेल्या दोन ओळी म्हटल्या. पूर्ण आवाजात म्हटल्या. मी हातभर अंतरावर होतो म्हणून मला ऐकू आल्या:

बैल सोडवले रामरावानं, उपकार झाले भारी,
गायरान त्याच्या कुंपनात, कोन कोठं चारी?

मग त्यानं एकट्यानं नमनही म्हटलं. महादेव म्हणायला कोणी नव्हतं. मी म्हटलं असेल, पण मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी रामरावांनी त्याला सगळ्यांसमोर बोजारा दिला. बोजारा म्हणजे पोळ्याची खुशी, सुपात धान्य. माणसं पाठ थोपटत होती. पुंजाजी ज्याला त्याला सांगत होता, “अर्धी हाय रे ते. पुढची ऐक.” लोक ऐकायचे. काही जण म्हणायचे, “पहिली बरी हाय पुंजाजी. हे लंबी होते.” ज्यांच्या घरचं कोणी रामरावांकडं कामाला होतं ते मागं वळून बघायचे आणि बैलाला हाकत निघून जायचे.

झडती मात्र पळाली. मालेगावच्या बाजारात गेली, कारंज्याला गेली. जिथं जिथं कापसाची गाडी परत आली होती तिथं तिथं ती गेली. हिवाळ्यात लोकल बोर्डाची निवडणूक लागली आणि रामराव स्वतः उभे राहिले. त्यांच्या गाड्यांवरून पोरं ओरडायची, “गोऱ्याचं राज होतं तवा...” पुंजाजी शेतात असला की औत थांबवून उभा राहायचा, गाडी जाईपर्यंत.

इंद्रभानजी प्रचाराला आमच्या गावात आले. पुंजाजी समोर गेला. ते त्याच्याकडं न पाहता म्हणाले, “भाऊ, तुमच्याकडून असं वाटलं नव्हतं.”

“पुढच्या दोन ओळी हायेत,” पुंजाजी म्हणाला आणि त्यानं त्या म्हटल्या. तोरण नव्हतं, बैल नव्हते. शब्द अडत अडत म्हटल्या.

इंद्रभानजी ऐकून म्हणाले, “हे काहून नाई म्हनलं आखरावर?”

“म्हनलं. ऐकू नाई आलं कोनाले.”

“मंग आता मी काय करू, पुंजाजीभाऊ?”

हेच उदयसिंगही म्हणाला होता. पुंजाजी माझ्याकडं बघून हसल्यासारखं करून बाजूला झाला.

मताच्या दिवशी आम्ही बरोबर गेलो. पेट्या ठेवलेल्या खोलीत तो पुष्कळ वेळ होता. बाहेरचा शिपाई खेकसला, “अहो बाबा, आत झोपले का?” परतीच्या वाटेवर मी विचारलं.

“कोनाले टाकलं?”

“जुन्याच पेटीत.”

“काहून? एवढं झालं तरी?”

“दुसऱ्या पेटीवर रामराव होता.” जरा चालून तो म्हणाला, “पन मत देल्यासारखं वाटलं नाई, मारोत. संध्याकाळी बैल आपल्या खुट्यावर येऊन उभा राह्यते ना, दावं नसलं तरी? तसं झालं.”

रामराव निवडून आले. कमिटीवाले म्हणाले, पुंजाजीच्या झडतीनं आपल्याला पाडलं. रामरावांचेही तेच म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या घरी एक फेटा पाठवला. फेटा आला तेव्हा पुंजाजी घरी नव्हता. पंचफुलानं तो दुरडीत टाकून वर फळीवर ठेवून दिला. तो कधी कोणाच्या डोक्यावर दिसला नाही. खादीची टोपीही त्यानंतर दिसली नाही. पुंजाजी डोक्याला साधं दुपट्टं गुंडाळू लागला, गुराखी गुंडाळतात तसं. गायरानाला कुंपण होतंच. जंगलाला गोटे होतेच. बैल तो रात्रीचे, घाटी काढून, दुसऱ्यांसारखेच चोरून चारून आणायचा. उदयसिंग पाहत नसे.

पुढच्या पोळ्याला तो यायलाच तयार नव्हता. पंचफुलानं जोडी सजवून दोरी हातात दिली म्हणून आला आणि रांगेत अगदी शेवटी उभा राहिला. विलायतेकडं लढाई लागल्याची बातमी नुकतीच आली होती. लोक कापूस चढेल की पडेल यावर बोलत होते. पोरांनी झडत्या सुरू केल्या. एकानं पुंजाजीचीच गेल्या वर्षीची म्हटली, दोन ओळी, आणि सगळे हसले. मग रामराव खांबाजवळून म्हणाले, “अबे, ज्याची हाय त्याले म्हनू द्या. ये पुंजाजी, पुढं ये. औंदा काय आनलं?”

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मला वाटलं, आता तो त्या दोन ओळी म्हणेल. आता सगळे शांत आहेत, डफडी थांबलेली आहेत, रामरावांनीच बोलावलं आहे. यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. पुंजाजी पुढं आला. हरण्याच्या पाठीवर हात ठेवला. तोंड उघडलं, मिटलं. त्यानं रामरावांकडं पाहिलं, मग कमिटीच्या पोरांकडं, मग तोरणाकडं. बरगड्या दिसणारे बैल रांगेत उभे होते, त्यांच्याकडंही पाहिलं.

“एक नमन गौरा पार्वती,” तो हळू म्हणाला, “हर बोला हर हर महादेव.”

नमनाआधी काहीच नव्हतं. ओळी नव्हत्या. लोक वाट पाहत राहिले. मग कोणीतरी मागून सवयीनं “महादेव” म्हटलं, मग आणखी एक-दोघांनी. रामरावांनी तोरण तोडलं.

बाकीच्यांसारखा तो बैल घेऊन पळाला नाही. सगळ्या जोड्या गेल्यावर, धूळ बसल्यावर, बांड्या-हरण्याला घेऊन पायीपायी घरी गेला. मी मागून चाललो होतो. पंचफुला दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती खाली बसली आणि बैलांचे पाय धुऊ लागली.